बिल फोर्साइथ यांचे चित्रपट, प्रभात रस्त्यावरच्या गल्लीत

प्रभात रस्त्यालगतच्या एका चित्रपट मंडळाने शुक्रवार ते रविवार बिल फोर्साइथ या स्कॉटिश दिग्दर्शकाचे चित्रपट दाखवले. तिन्ही दिवसांचे मिळून ४०० रुपये शुल्क, वेळेवर सुरू होणारे खेळ आणि मध्यंतरात फक्कड चहा, एवढ्यावर तक्रारीला जागा नव्हती. माझी तक्रार आवाजाची आहे.

शुक्रवारी 'दॅट सिंकिंग फीलिंग' (१९७९) दाखवला. ग्लासगोमधली बेकार पोरे गोदामातली स्टीलची सिंक चोरायचे ठरवतात, एवढीच कथा. चित्र काहीसे भरड होते, पण ते मूळचेच असावे असे शोभत होते. शनिवारच्या 'ग्रेगरीज गर्ल' (१९८१) मध्ये मात्र दहाव्या मिनिटालाच ओठ आणि शब्द यांची फारकत जाणवू लागली. ग्लासगोकडची बोली अमेरिकेतल्या प्रेक्षकांना कळणार नाही म्हणून तिथल्या प्रदर्शनासाठी या चित्रपटाचे संवाद सौम्य उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते, आणि मंडळाने नेमकी तीच प्रत लावली होती. कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी सदाशिव पेठेतली भाषा घातल्यासारखे ते वाटले. फोर्साइथ यांचा विनोद असा की, शाळेच्या व्हरांड्यातून पेंग्विनचा पोशाख घातलेले एक मूल पुनःपुन्हा जाते, त्याला कोणी या खोलीत पाठवते, कोणी त्या, आणि ते तसे का फिरते आहे हे कोणीही सांगत नाही. जो माणूस हसू इतके दाबून ठेवतो, त्याच्या चित्रपटात उच्चारातला हेलसुद्धा आशयाचा भाग असतो.

रविवारच्या 'लोकल हीरो'ने (१९८३) भरपाई केली. अमेरिकी तेल कंपनीचा माणूस स्कॉटलंडमधले किनाऱ्यावरचे अख्खे गाव विकत घ्यायला येतो आणि गावकरी विकायला त्याच्याहून जास्त उतावीळ असतात! गाव पूर्व किनाऱ्यावरचे पेनन, वाळूचा किनारा मात्र पश्चिमेकडचा, आणि दोन्ही जोडल्याचा मागमूसही लागत नाही. ह्यूस्टनला परतलेला नायक खिशातले शंख-शिंपले ओट्यावर काढून ठेवतो, आणि शेवटी गावातल्या फोनच्या खोक्यात घंटी वाजत राहते, तेव्हा सभागृहात कोणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. या चित्रपटासाठी फोर्साइथ यांना दिग्दर्शनाचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

निवड इथेच थांबवायला नको होती. मंडळाच्या पत्रकात त्यांची ओळख 'हलक्याफुलक्या विनोदाचे दिग्दर्शक' अशी होती, आणि 'हाउसकीपिंग' (१९८७) वगळल्यामुळे ती खोटी पडायची राहिली; मावशीकडे वाढणाऱ्या दोन बहिणींच्या त्या कथेत हसू जवळजवळ उरतच नाही, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत धीट काम तेच. 'बीइंग ह्यूमन' (१९९४) मध्ये स्टुडिओने कात्री चालवली, वर निवेदन चिकटवले, आणि १९९९च्या 'ग्रेगरीज टू गर्ल्स'नंतर त्यांचा एकही चित्रपट आलेला नाही.

शनिवारच्या आवाजाबद्दल विचारले तेव्हा यंत्रावरच्या मुलाने मुकाट्याने ध्वनीचा पर्याय उघडून दाखवला. मूळ आवाज त्याच तबकडीवर, दुसऱ्या क्रमांकाला होता.