आठची घ्यावी की दहाची? चष्मेवाल्यांनी दुर्बीण घेण्याआधी

दुर्बीण घ्यायची म्हटली की शेवटी सगळे याच दोन आकड्यांपाशी येऊन अडकतात, ८×४२ की १०×४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये). मला दुर्बीण लागते ती पक्षी बघायला. मी दोन्ही वापरल्यात. दहाची मित्राची, नोव्हेंबर ते मे माझ्याकडेच होती, आणि आठची नंतर मी स्वतः घेतली. दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमधल्या, त्यामुळे काच कुणाची भारी हा वाद इथे नाही.

दहाचं कौतुक आधी करतो कारण ते खरं आहे. शिवडीला ओहोटी लागलीय, फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, पार लांब चिखलात गेलेत, अशा वेळी दहाची लावली की छोटा रोहित आणि मोठा रोहित चोचीवरून पटकन वेगळे ओळखता येतात, छोट्याची चोच गडद लालसर, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. आठने तेवढ्याच अंतरावर मला जरा वेळ लागतो. भांडुप पंपिंग स्टेशनजवळ आकाशात उंच शिकारी पक्षी घिरट्या घालत असेल तरी दहाच बरी. हात हलतो म्हणतात, हलतोच, पण कोपरं छातीला चिकटवली की निभतं, माझी तक्रार ती नाही.

माझी तक्रार चष्म्याची. फोर्टातल्या एका दुकानात पहिल्यांदा दहाची बघितली तेव्हा दुकानदार म्हणाला, "चष्मा काढून बघा ना, फोकसने अ‍ॅडजस्ट होतं." काढला, समोरच्या बिल्डिंगवरची पाटी लख्ख दिसली, मी खूश. मित्राकडे तेच मॉडेल आहे कळलं म्हणून विकत न घेता त्याचीच मागून आणली, आणि बरं झालं. कारण फिल्डवर चष्मा काढून चालत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी कुठे हलला ते दिसायला हवं, मग दुर्बीण. मायनस नंबर फोकसने भरून निघतो, सिलिंडर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर) निघत नाही, आणि मला दोन्ही आहेत. म्हणजे चष्मा काढा, कुठेतरी अडकवा, दुर्बीण लावा, तोवर फांदी रिकामी. चष्म्यावरून लावली तर डोळा काचेपासून लांब पडतो आणि कडेने काळं काळं येतं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढंच दिसतं, जरा मान हलली की तेही जातं. त्यात आपला मुंबईचा घाम, एप्रिलमध्ये सकाळी आठलाच चष्म्याच्या काचेवर वाफ. सहा महिने मी हेच करत होतो, चष्मा वर, चष्मा खाली, आणि सोबतचे म्हणायचे, बघितलास का, आणि माझं बघून झालेलं नसायचं.

डोळा काचेपासून किती लांब असला तरी अख्खा गोल दिसतो, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात, तो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. चष्मेवाल्याला माझ्या मते १६-१७ च्या खाली घेऊच नये. बऱ्याच कंपन्यांच्या एकाच मॉडेलमध्ये आठला तो दहापेक्षा थोडा जास्त मिळतो, सगळीकडे नाही, बघून घ्या. माझ्या आठला तो पुरतो. आयकप (डोळ्याकडच्या रबरी कडा) पूर्ण खाली केले की चष्म्यावरूनच अख्खा गोल दिसतो, कडेपर्यंत, आणि चष्म्याला हात लावावाच लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी दहा सोडली.

जंगलात तर मला आठच आवडते. जूनमध्ये कर्नाळ्याला तिबोटी खंड्या बघायला गेलो होतो, पाऊस, वर झाडांचं छत, उजेड जेमतेम. आठमधून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा, दहाचा ४.२, आणि तशा अंधारात मला हा फरक जाणवला. शिवाय आठमध्ये एका वेळी जास्त भाग दिसतो, त्यामुळे पानांतला पक्षी शोधायला कमी फिरावं लागतं.

मात्र दोन्हीपैकी काहीही घ्या, वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेलीच घ्या, म्हणजे आत दमट हवा राहत नाही. माझ्या आधीच्या साध्या दुर्बिणीत दोन पावसाळ्यांत बुरशी धरली होती. वापरून झाली की सिलिका जेल टाकून डब्यात ठेवा.

चष्मा नसेल आणि फिरणं बहुतेक शिवडी, उरण असं उघड्यावरचंच असेल तर दहा घ्या, चूक होणार नाही. पण शिवडीला आठ कमी पडते असं वाटत असेल तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघून जाऊन बघा. पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचलात तर पाणी चढेल तसे पक्षी आपणहून जेट्टीकडे सरकतात, इतके की गेल्या खेपेला आठमध्येही त्यांच्या चोचीवरून ओघळणारं पाणी दिसत होतं, चष्म्यासकट.