गॅस २ किलो, कॉम्प्रेसर नवा : एका खोट्या बिलाची उलटतपासणी

बिलावर चार ओळी आहेत. नवीन कॉम्प्रेसर ९,०००, गॅस २ किलो ४,०००, कॅपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा भाग) ३००, मजुरी १,५००. एकूण १४,८०० रुपये. गाडी म्हणजे ट्रॅव्हलरची करून घेतलेली कॅम्पर. तिच्या मागच्या कॅरिअरवर १ टनाच्या घरगुती स्प्लिट एसीचं बाहेरचं युनिट बसवलेलं. लातूरचं कुटुंब मे महिन्यात वेरूळला निघालं होतं. सोलापूर–धुळे महामार्गालगत मुक्काम केला, रात्री एसी बंद पडला, दुचाकीवर पिशवी अडकवून मिस्त्री आला आणि दोन तासांत थंड हवा सुरू झाली. चारपैकी खरी ओळ एकच, तीनशे रुपयांची.

गॅसची ओळ खोटी आहे हे घरबसल्या कळतं. बाहेरच्या युनिटच्या अंगावर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. या युनिटवर आर-३२, ०.५८ किलो असं आहे. मग २ किलो गेला कुठे? तेवढा खरोखर भरला असता तर दाब बेसुमार चढला असता आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून तोच निकामी झाला असता. शिवाय मिस्त्रीकडे वजनकाटा नव्हता. आर-३२ वजन करून भरतात, नुसत्या दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघून नव्हे.

कॉम्प्रेसरचंही तसंच. तो बदलायचा म्हणजे आधी गॅस काढायचा, तांब्याच्या नळ्या गॅसवेल्डिंगने सोडवून पुन्हा जोडायच्या, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचं, नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा, पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम ढळत नाही याची खात्री करायची आणि मगच गॅस सोडायचा. नायट्रोजनचा सिलिंडर पिशवीत मावत नाही. झाकण उघडल्यावर नळ्यांचे सांधे कारखान्यातलेच निघाले, कुठे काजळी नाही, रंग जळालेला नाही, आणि कॉम्प्रेसरवरच्या पट्टीतला महिना-साल युनिटच्या तारखेशी जुळणारं. जुना कॉम्प्रेसर मागितला तेव्हा ‘भंगारात टाकला’ हे उत्तर मिळालं होतं.

मग एसी बंद का पडला होता? वीज कमी पडली म्हणून. मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडीपर्यंत ३० मीटरची एक्स्टेंशन वायर ओढलेली होती, ०.७५ चौरस मिलिमीटरची, पंखा-बल्बाच्या लायकीची. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, म्हणजे साधारण दीड ओहम. एसी नुसता चालत असताना ५-६ अँपिअर घेतो, तेव्हा वायरीत ८-९ व्होल्ट जातात. ते चालून जातं. पण फिक्स्ड स्पीड, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, एकाच वेगाने फिरणारा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर २५-३० अँपिअर ओढतो आणि तेव्हा ४०-४५ व्होल्ट वायरच खाते. उन्हाळ्यात रात्री आठ-नऊला कूलर आणि पंप सगळीकडे चालू असतात, लाइनच्या टोकाला २३० च्या जागी १९० असणं आपल्याकडे नवं नाही. म्हणजे कॉम्प्रेसरला मिळाले १४५-१५०. तो घुं करतो, फिरत नाही, तापतो, आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा संरक्षक स्विच, टक् करून तुटतो. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यात आधीच कमजोर झालेला कॅपॅसिटर पार बसला.

फसवणुकीची मुख्य खेळी इथे आहे. ओव्हरलोड तुटलेला असताना मिस्त्री कॉम्प्रेसरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन वायरींना मीटर लावून दाखवतो. कॉमनपासून मीटर वाजत नाही. ‘बघा साहेब, वाइंडिंग उडालं.’ म्हणजे आतल्या मोटरची तारेची गुंडाळी जळाली. मीटर खोटं बोलत नाही, म्हणून माणूस विश्वास ठेवतो. प्रत्यक्षात ओव्हरलोड थंड झाला की आपोआप जुळतो. त्याला तास-दीड तास द्या, मेन स्विच बंद ठेवा, मग पुन्हा मोजायला लावा. रन आणि स्टार्ट यांच्यातले ओहम हे कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट यांच्या बेरजेइतके आले, समजा ३ आणि ४ असताना ७, आणि कोणतीही पिन बॉडीला लागत नसेल, तर वाइंडिंग शाबूत आहे. कॅपॅसिटरच्या अंगावर आकडा छापलेला असतो. फुगलेला असेल किंवा मोजमाप छापलेल्या आकड्याच्या बरंच खाली असेल तर तोच बदलायचा. हात लावण्याआधी त्यातली साठलेली वीज बल्ब लावून उतरवून घ्यायची, हे विसरू नका. इन्व्हर्टर एसीत असा कॅपॅसिटर नसतो, तिथे ‘कॅपॅसिटर बदलला’ असं बिल आलं तर लगेच प्रश्न विचारा.

बॅटरीवर चालवणाऱ्यांनी एवढा हिशेब पाठ ठेवावा : १,२०० वॉटचा एसी, वाटेतली घट धरून, १२ व्होल्टच्या बॅटरीतून ११० अँपिअरच्या आसपास ओढतो. २०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बॅटरी दोन तासांच्या आतच बसते. अशा वेळी एसी बंद पडला तर दोष एसीचा नसतो.

गॅस खरोखर कमी होतो तेव्हा कुठेतरी गळती असतेच. तो पेट्रोलसारखा संपत नाही, ‘दरवर्षी टॉपअप लागतो’ हे साफ खोटं. कॅम्परमध्ये गळती बहुतेक फ्लेअर नटाजवळ, म्हणजे तांब्याच्या नळीचं पसरवलेलं टोक आवळून धरणाऱ्या नटाजवळ सापडते, कारण घरगुती युनिट भिंतीसाठी बनवलेलं असतं आणि आपल्या रस्त्यांचे हादरे तांब्याला चिरा पाडतात. पाव इंची नट १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंची ३४ ते ४२, एवढंच आवळायचं. नळीला एक वेटोळं ठेवायचं, युनिटखाली रबर. साबणाचं पाणी लावून बुडबुडा दाखवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. आणि स्वस्तातला, कुठलाही ‘चालणारा’ गॅस तर नाहीच. अशा भेसळीत एलपीजीसारखा पेट घेणारा गॅस असतो, आणि त्याच डब्यात तुमची मुलं झोपलेली असतात.

बोलावणं धाडण्याआधी स्वतः पाहण्यासारखं एक आहे. साधा थर्मामीटर घ्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी काम करतोय. ४३ अंशांत उन्हात उभी केलेली पत्र्याची गाडी दुपारी थंड होत नाही याचा गॅसशी संबंध नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या भागातून आला असाल तर बाहेरच्या युनिटमधली कंडेन्सरची जाळी आधी धुवा, तंतू आणि माती मिळून तिथे नमदा बसतो.

कॉम्प्रेसर बदलायचाच झाला तर नव्याचा नंबर बिलावर लिहून घ्या आणि जुना गाडीत टाकून न्या. पैसे देऊन झाले असतील तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. बिल महामार्गावर कुठेही फाडलेलं असो, लातूरच्या माणसाला लातूरच्याच आयोगात दाद मागता येते.