पाकिटावरचा नंबर आणि १९०९ : आठ महिन्यांचा अनुभव

मी जुळे सोलापुरात राहते. घरून कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगा चटणी करून विकते, सहा वर्षं झाली. नको असलेले जाहिरातीचे फोन बंद करायची नोंदणी, म्हणजे डीएनडी, मी गेल्या जूनमध्ये केली. आता जानेवारी संपत आलाय, गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरलीय, म्हणून लिहायला बसले. नोंदणी कशी करायची हे कुणीही सांगतं. केल्यानंतरच्या महिन्यांत काय काय होतं ते मात्र मला कुठं वाचायला मिळालं नव्हतं, आणि ज्यांचं पोट फोनवर आहे त्यांना नेमकं तेच हवं असतं.

माझी अडचण आधी सांगते. भाकरी थापताना दोन्ही हात पिठात असतात. फोन वाजला की हात धुवा, पुसा, धावत जा. तोवर तव्यावरची भाकरी एका अंगानं करपते. कडक भाकरी पापडासारखी पातळ असते, मंद आचेवर सावकाश वाळवत आणावी लागते. एकदा काळा डाग पडला की ती पाकिटात घालता येत नाही, घरातच खावी लागते. आणि फोन उचलला की पलीकडून, “मॅडम, आपके नाम से पाँच लाख का बिज़नेस लोन अप्रूव्ह हुआ है.” असे रोज आठ-दहा. मे महिन्यात एका दिवशी मी मोजले, चौदा झाले.

“अनोळखी नंबर उचलू नकोस,” असं सगळे म्हणायचे. नोकरदार माणसाला ते जमत असेल. माझं नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा अनोळखी नंबरवरूनच येतं. आणि नंबर लपवायचीही सोय नाही. पॅकबंद मालावर तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणं वजनमापाच्या नियमांनी सक्तीचं आहे. म्हणजे माझा नंबर चटणीच्या पाकिटाबरोबर पुणे, लातूर, हैदराबाद असा फिरत असतो.

तरी त्या मे महिन्यात मी वैतागून अनोळखी नंबर आपोआप गप्प करायची फोनमधली सोय चालू केली. बारा दिवस शांततेत गेले. तेराव्या दिवशी एक ओळखीच्या बाई दारात आल्या. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं वास्तुशांतीसाठी दोनशे भाकऱ्यांची ऑर्डर द्यायला मला तीन वेळा फोन केला होता. उचलला नाही म्हणून त्यानं दुसरीकडे दिली. बाई रागावल्या नव्हत्या, पण “मी तुझं नाव खात्रीनं सांगितलं होतं गं,” हे त्यांचं वाक्य मला फार लागलं. त्या रात्री ती सोय बंद केली.

फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं एक ॲपही दीड महिना वापरलं. नावं दिसायची हे खरं. पण माझी फोनमधली सगळी यादी बघायची परवानगी ते मागायचं, आणि त्या यादीत माझी गिऱ्हाइकं आहेत. त्यांनी मला नंबर विश्वासानं दिलाय. शिवाय एकदा माल न्यायला आलेला टेम्पोवाला आमच्या कोपऱ्यावर उभा राहून फोन करत होता आणि माझ्या पडद्यावर तो लाल रंगात ‘स्पॅम’ म्हणून येत होता. काढून टाकलं.

डीएनडीवर माझा विश्वास नव्हता, कारण मिस्टरांनी २०११ साली, ती नवी यादी सुरू झाली तेव्हा, नाव नोंदवलं होतं आणि त्यांचे फोन काही थांबले नव्हते. माझ्या भाच्यानं समजावलं की त्यानंतर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८चे नियम आले, आणि १२ फेब्रुवारी २०२५ला त्यात मोठे बदल झाले. मग जूनमध्ये एका दुपारी केलं. १९०९ या नंबरला एसएमएस करायचा, इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. सगळं नको असेल तर एक ते आठ असे प्रकार आहेत : बँक-विमा-कर्ज एक, जागा-घरं दोन, शिक्षण तीन, आरोग्य चार, असं आठपर्यंत, आठवा खाण्यापिण्याचा. हवा तो आकडा पाठवून तेवढंच बंद करता येतं. एसएमएस नको असेल तर १९०९ला फोन करूनही होतं, पैसे पडत नाहीत.

मला भीती होती ती बँकेचा ओटीपी, गॅसचा मेसेज, कुरिअरचा मेसेज बंद होईल याची. तसं काही झालं नाही. व्यवहाराचे आणि सेवेचे मेसेज या नोंदणीनं अडत नाहीत. आता तर मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर असतं : पी असेल तर जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. पी दिसला की मी वाचतच नाही.

आता परिणाम. १४०पासून सुरू होणारे फोन जवळजवळ थांबले. हे नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरांचे फोन. त्यांना फोन लावण्याआधी आपली यादी डीएनडीच्या यादीशी पडताळून घ्यावीच लागते. जाहिरातीचे मेसेजही खूप कमी झाले.

पण भाकरी करपवणारे फोन १४०चे नव्हतेच. ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून येत होते, तुमच्या-माझ्या नंबरसारख्या. ही माणसं कुठंच नोंदलेली नसतात. नोंदणीच्या यादीशी त्यांचा काही संबंध नसतो, त्यामुळे आपण यादीत असलो काय, नसलो काय, त्यांना सारखंच. जुलै उजाडला तरी रोज सहा-सात फोन चालूच. बहुतेक लोक इथंच “डीएनडी काही कामाचं नाही” म्हणून सोडून देतात. मीही सोडणार होते.

तिथून पुढं खरं काम तक्रारीनं केलं. आलेल्या फोनची तक्रार सात दिवसांच्या आत १९०९वर करता येते. पूर्वी तीन दिवसांचीच मुदत होती, आणि माझ्यासारखीला ती पुरत नसे, कारण ऑर्डरीच्या गडबडीत तीन दिवस कधी गेले कळतही नाही. तक्रारीत तीन गोष्टी लागतात : फोन कशाबद्दल होता, कुठल्या नंबरवरून आला आणि कुठल्या तारखेला. माझ्या पहिल्या दोन तक्रारी परत आल्या. एकीत मी तारीखच घातली नव्हती, दुसरीत नंबराचा एक आकडा चुकला. त्यानंतर ओट्याशेजारी भिंतीवर एक वही टांगली. फोन ठेवल्या ठेवल्या, पीठ लागलेल्या बोटांनी का होईना, “कर्ज, मुलगी, हिंदी” एवढं आणि वेळ लिहून ठेवायचे. नंबर तर फोनमध्ये असतोच. रात्री जेवणं झाली की दिवसभराच्या तक्रारी एका बैठकीत पाठवायच्या. दहा मिनिटं लागतात.

आपण तक्रार आपल्याच मोबाइल कंपनीकडे करतो. ती पुढं, ज्या कंपनीच्या नंबरवरून फोन आला तिच्याकडे पाठवते. टेलिमार्केटर म्हणून नोंदणी नसलेल्याविरुद्धच्या तक्रारीवर आता पाच दिवसांत कारवाई व्हायला हवी, आधी तीस दिवस होते. आणि एक गोष्ट समजली तेव्हा मला सगळ्याचा उलगडा झाला : एका नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की त्याच्यावर कारवाई सुरू होते. आधी सात दिवसांत दहा लागत. म्हणजे माझी एकटीची तक्रार ही पाचातली एक. मी रोज रात्री वही घेऊन बसत होते, पण उरलेल्या चार कोण करणार?

आमचा महिला बचत गट आहे, अकराजणींचा. ऑगस्टच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी वही काढली आणि नंबर वाचायला लागले. तिसऱ्या नंबरालाच एक जण म्हणाली, “अगं, मला पण ह्याचाच आला की! काल दुपारी!” दुसरीनं फोन उघडून दाखवला, तिलाही तोच. अकरापैकी सातजणींना त्या आठवड्यात तो एकच कर्जवाला फोन करून गेला होता. आमचे नंबर कुठल्या तरी एकाच यादीतून गेलेले, हे उघड होतं. कुठून गेले याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी कुणावर बोट ठेवणार नाही. पण पुरावा नसला तरी राग येतोच. बाईमाणूस चार पैसे बाजूला टाकून धंदा उभा करते, कागदोपत्री नंबर देते, आणि तो नंबर कुणीतरी विकून खातं.

त्याच बैठकीत सातजणींनी तक्रार केली. दोघींनी डीएनडीची नोंदणी केलेलीच नव्हती. पण २०२५च्या बदलानंतर नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रार करायला आपली डीएनडी नोंदणी असावीच लागते असं नाही, त्यामुळे त्यांचंही चाललं. एकीजवळ बटणाचा फोन आहे, तिनं १९०९ला फोन लावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या नंबरवरून एकीलाही फोन आला नाही. पहिल्यांदा सापडल्यावर पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन बंद, पुन्हा सापडला तर वर्षभरासाठी सगळ्याच जोडण्या बंद, अशी शिक्षा नियमात आहे. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत हप्त्यांनंतर पाच मिनिटं ‘नंबरांची’ असतात. व्हॉट्सॲपच्या गटातही कुणीतरी नंबर टाकतं आणि ज्यांना तो आला असेल त्या रात्री तक्रार करतात. ज्यांना आला नाही त्या करत नाहीत, हे मी मुद्दाम ठरवून घेतलं. खोटी तक्रार करून कुणा गरिबाचा फोन बंद पडायला नको.

सगळ्याच तक्रारी चालल्या नाहीत. एका नामवंत दुकानाच्या जाहिरातीबद्दल केलेली तक्रार “तुम्ही संमती दिली आहे” म्हणून बंद झाली. आठवून पाहिलं तर दिवाळीआधी एका प्रदर्शनात लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं, आणि त्यावर बारीक अक्षरात ते होतं. संमती दिली की डीएनडी त्या कंपनीपुरती लागू राहत नाही. ती मागे घेता येते, मी घेतली, मग ते थांबलं. आता कूपनावर नंबराची जागा मी रिकामी सोडते. बक्षीस गेलं तर जाऊ दे.

सासूबाईंचं वेगळं सांगायला हवं. त्यांचं वय त्र्याहत्तर, घरात आमच्याशी मराठीत आणि बहिणींशी कन्नडमध्ये बोलतात. नोव्हेंबरात त्यांना एकानं फोन करून सांगितलं की बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडणार, लगेच या नंबरवर बोला. घाबरून त्यांचे हात थरथरत होते. मी भाकरी तशीच टाकून धावले. सुदैवानं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. असला फोन म्हणजे फसवणूक, त्याला १९०९ची जागा नाही. तो सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर ‘चक्षू’ या विभागात कळवायचा. ही सोय मार्च २०२४पासून आहे. आणि पैसे गेलेच असतील तर एक मिनिटही न दवडता १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. हा नंबर मी त्यांच्या देवघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. बँकेच्या आणि विम्याच्या खऱ्या कामाच्या फोनसाठी १६००पासून सुरू होणारी मालिका ठेवलीय, हेही त्यांना पाठ करून घेतलंय. दहा आकडी मोबाइलवरून कुणी “बँकेतून बोलतो” म्हणालं की त्या आता “सुनेला देते” म्हणतात आणि फोन मला आणून देतात.

आज माझी वही काय सांगते? जूनमध्ये रोज आठ-दहा, ऑक्टोबरात चार-पाच, या जानेवारीत एक किंवा दोन. दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा वाढले होते, सणाला कर्जाचे आणि गाड्यांचे फोन येतातच. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे फोन मात्र अजून येतात, दर वेळी वेगळ्या नंबरवरून, त्यामुळे एका नंबरवर पाच तक्रारी जमतच नाहीत. यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. माझ्या मोबाइल कंपनीकडून तक्रारीचं उत्तर येतं ते इंग्रजीत, त्यात क्रमांक असतो आणि “कारवाई केली” एवढंच. काय केली ते मराठीत एका ओळीत सांगायला काय हरकत आहे? आमच्या गटातल्या चारजणींना तो मेसेज वाचताच येत नाही, त्यांना वाटतं तक्रार नाकारली.

भोगीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे बाजरीच्या भाकरीच्या बेचाळीस ऑर्डरी होत्या, त्यातल्या सतरा नव्या नंबरवरून आलेल्या. सगळे फोन उचलले. त्या दिवशी जाहिरातीचा एकच आला, तोही रात्री, तवा उतरवून ठेवल्यावर.

गटातल्या तिघींची नोंदणी अजून राहिलीय. येत्या शनिवारी हप्त्यांनंतर माझ्याच घरी बसून करणार आहोत. सासूबाईंच्या बहिणीही येणार आहेत, त्यांचे बटणाचे फोन घेऊन.