बोडी: पडझड थोपवून धरलेले सोन्याचे गाव

पूर्व कॅलिफोर्नियातील बोडी येथे राज्य उद्यान विभागाने इमारती नव्यासारख्या केलेल्या नाहीत, त्या कोसळू दिलेल्याही नाहीत. १९६२ साली गाव उद्यान म्हणून ताब्यात आले, तेव्हाच्या अवस्थेत ते टिकवायचे, म्हणजे छप्पर गळू लागले तर दुरुस्त करायचे, भिंत कलली तर तिला टेकू द्यायचा, पण रंगरंगोटी करायची नाही, हे धोरण तेथे पाळले जाते. जुन्या खाणगावांच्या जतनाचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

येथे १८५९ मध्ये सोने सापडले. ज्याच्या नावावरून गावाचे नाव पडले तो सोनेशोधक बोडी मात्र त्यानंतर लवकरच हिमवादळात मरण पावला. खरी भरभराट १८७७ नंतर, स्टँडर्ड कंपनीच्या समृद्ध खाणीमुळे झाली आणि १८८० च्या सुमारास लोकसंख्या आठ ते दहा हजारांपर्यंत गेली असे मानले जाते. पुढे सोने आटले, १८९२ आणि १९३२ च्या आगींनी बराच भाग भस्मसात केला, आणि १९४२ मध्ये युद्धकालीन सरकारी आदेशाने सोन्याच्या खाणी बंद झाल्या. आज उभे आहे ते मूळ गावाच्या जेमतेम पाच टक्के. चिनी वस्तीचे तर जवळजवळ काहीच उरलेले नाही, आणि भेट देणाऱ्याने ही उणीव मनात ठेवूनच फिरावे असे मला वाटते, कारण जे शिल्लक राहिले तेवढेच गाव होते असा समज सहज होतो.

बहुतेक घरे बंद असून आत काचेतूनच पाहावे लागते. दुकानातील फळ्यांवर माल आहे, शाळेत बाके आहेत. काचेवर हातांचा आडोसा केल्याशिवाय आतले नीट दिसत नाही, पण दिसते तेव्हा ते मांडलेले प्रदर्शन वाटत नाही. खाणकामगार संघाच्या सभागृहातील संग्रहालय आधी पाहावे आणि पुस्तिका घेऊन मग फिरावे.

तथापि बोडीचा गाभा म्हणजे खाणीतल्या दगडातून सोने काढणारी स्टँडर्ड गिरणी. ती एरवी बंद असते. उन्हाळ्यात मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीचे तिकीट वेगळे काढावे लागते, आणि ते अवश्य काढावे. खनिज दगड कुटणारी लोखंडी मुसळे, पाऱ्याच्या साहाय्याने त्या भुकटीतून सोने वेगळे करण्याची पद्धत आणि नंतर आलेली सायनाइडची प्रक्रिया येथे क्रमाने समजते. या उजाड पठारावर लाकूड दुर्मीळ होते. १८८१ मध्ये मोनो सरोवरापलीकडच्या जंगलातून ते आणण्यासाठी रेल्वे बांधावी लागली. वाफेसाठी जळणारे हे महागडे सरपण वाचवावे म्हणून १८९२-९३ मध्ये सुमारे १३ मैलांवरील ग्रीन क्रीकच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती तारांनी गिरणीपर्यंत आणली गेली. विजेचे इतक्या दूरवर वहन तेव्हा अगदी नवे होते. ही फेरी चुकली तर उरलेले गाव केवळ छायाचित्रांचा विषय होऊन राहते, आणि बहुतेकांच्या बाबतीत तसेच होते याची मला खंत वाटते.

उन्हाळ्यात योसेमिटी पाहून टायोगा घाटाने पूर्वेकडे उतरणाऱ्या मराठी कुटुंबांना हे स्थळ सोयीचे आहे. महामार्ग ३९५ सोडल्यानंतर १३ मैल जावे लागते. शेवटचे ३ मैल कच्चे व खडखडीत आहेत. गावात खाद्यपदार्थ किंवा पेट्रोल मिळत नाही. उंची ८,३७५ फूट असल्याने धाप लागते, म्हणून ज्येष्ठांनी सावकाश चालावे. हिवाळ्यात बर्फामुळे मोटार तेथे पोहोचत नाही. खिळा किंवा काचेचा तुकडाही उचलण्यास मनाई आहे. मुलांना हे गाडीतून उतरण्यापूर्वीच सांगून ठेवावे.