डापाग्लिफ्लोझिन की एम्पाग्लिफ्लोझिन?

हार्ट फेल्युअरच्या (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही, त्या आजाराच्या) चिठ्ठीवर आता यांपैकी एक नाव हटकून असतं. दोन्ही मूळची मधुमेहाची औषधं, दोन्हींची रोज १० मिलिग्रॅमची एकच गोळी, आणि मधुमेह नसलेल्या रुग्णालाही चालणारी.

हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांत डापाग्लिफ्लोझिनची चाचणी २०१९ मध्ये आली. ४,७४४ रुग्ण, हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावणं, हा एकत्रित धोका २६ टक्क्यांनी घटला. वर्षभराने एम्पाग्लिफ्लोझिन: ३,७३० रुग्ण, २५ टक्के. पंपिंग ठीक पण हृदय ताठर, अशांसाठी तोवर ठोस औषधच नव्हतं. तिथे २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने वाट काढली (२१ टक्के), २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिनने (१८ टक्के). मला हे यश सगळ्यात मोलाचं वाटतं. मात्र चाचण्या वेगळ्या, रुग्ण वेगळे; या आकड्यांवरून एक सरस ठरवू नका.

मग फरक कुठे? पूर्वी किमतीत होता. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. आता दोन्हींची जेनेरिक, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेली तीच औषधं, मिळतात. सुरगाणा-पेठहून नाशिकला तपासणीला येणाऱ्याला मी म्हणेन, डॉक्टरांना विचारून जी गोळी गावाजवळ दर महिन्याला मिळेल, तीच घ्या.

जपायचं दोन्हींत सारखंच. गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, स्वच्छता ठेवा. उलट्या-जुलाब झाले, निर्जळी एकादशी धरायची असेल किंवा त्र्यंबकेश्वराहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर चालायचं असेल, तर गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.