माळ्यावरचा महाल: घर आवरून देणाऱ्या सेवेचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत आम्ही नागपूरच्या प्रतापनगरातील आमचे घर एका व्यावसायिक सेवेकडून आवरून घेतले. काम संपले त्याच संध्याकाळी अभिप्राय लिहिला असता तर तो निखळ कौतुकाचा झाला असता, कारण त्या संध्याकाळी कपाटे उघडून पाहण्यासाठी शेजारच्या दोन काकू येऊन गेल्या होत्या. परंतु नागपुरात कोणत्याही वस्तूची आणि व्यवस्थेची परीक्षा मे महिना घेतो, म्हणून तो उलटेपर्यंत मी थांबले. सेवेचे नाव लिहीत नाही. काही तक्रारी स्पष्टपणे मांडायच्या आहेत, आणि त्या अशा प्रकारचे काम करणाऱ्या कोणालाही लागू पडतील असे वाटते.

आधी आमच्या पसाऱ्याचे स्वरूप सांगितले पाहिजे. नागपूरच्या महाल या जुन्या भागातील सासरचे घर विकले तेव्हा तेथील बहुतेक सामान आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले, आणि "नंतर पाहू" म्हणून माळ्यावर, म्हणजे आमच्या भाषेत सज्ज्यावर, चढवले गेले. ते 'नंतर' सहा वर्षे आले नाही. दोन गॅसच्या शेगड्या, तीन पुरणयंत्रे, दोन लोखंडी कूलर, सासऱ्यांनी जपलेले 'युगवाणी' या नियतकालिकाचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे, कागदपत्रांनी भरलेल्या दोन सूटकेस आणि बसायला कोणाला वेळ नसलेली बंगई, म्हणजे झोपाळा, असे दोन संसार एकावर एक रचलेले होते.

सेवेची पद्धत अशी की पहिल्या भेटीत पर्यवेक्षक मुलगी येऊन प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि कपाटांची मापे घेते, आणि त्यानंतर किती दिवस व किती माणसे लागतील ते सांगते. आम्हाला तीन दिवस आणि चार मुली असा हिशेब मिळाला. दिवसाचे ७,००० रुपये, म्हणजे एकूण २१,००० रुपये ठरले. बिल हाती आले तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,७८० रुपये आणि २२ खोक्यांचे ६,४०० रुपये जोडलेले होते, म्हणून प्रत्यक्षात ३१,१८० रुपये मोजावे लागले. कर लागणे रास्त आहे, मात्र तो तोंडी दरातच सांगायला हवा होता. खोक्यांबाबत तर मी स्वतःलाच दोष देते, कारण त्याच मापाचे खोके बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, प्रत्येकी ८० रुपयांनी स्वस्त मिळते, हे मला नंतर समजले.

पहिला दिवस स्वयंपाकघराचा होता आणि तोच सर्वांत उत्तम गेला. मुलींनी दिवाणखान्यात जुनी वर्तमानपत्रे अंथरून घरातील सगळे डबे एका बाजूला आणि सगळी झाकणे दुसऱ्या बाजूला मांडली. स्टीलचे डबे ४३ निघाले, त्यांपैकी ११ डब्यांना झाकण नव्हते, आणि कोणत्याही डब्यावर न बसणारी झाकणे १७ होती. संत्रा बर्फीचे रिकामे प्लास्टिकचे डबे वेगळेच, ते ३१. रोज वावरत असलेल्या ओट्याखाली एवढा ऐवज आहे हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. ठाऊक होते, पण ते एका जागी मांडलेले कधी पाहिले नव्हते, आणि माझ्या मते सगळा फरक तेथेच पडतो.

पुरणयंत्रांचा प्रसंग मला विशेष सांगावासा वाटतो. तीन यंत्रे समोर ठेवल्यावर यांतील कोणते ठेवायचे, असा प्रश्न त्या पर्यवेक्षक मुलीने सासूबाईंना विचारला असता, तर तिन्ही ठेवायची हे उत्तर ठरलेले होते. तिने तसे विचारलेच नाही. "आजी, जरा फिरवून दाखवता का?" असे म्हणून तिने एकेकाची मूठ त्यांच्या हाती दिली. पहिल्याची मूठ गळाली, दुसऱ्याची जाळी मधोमध फुगलेली निघाली आणि तिसरे मात्र पितळेचे, जड, लोण्यासारखे फिरले. सासूबाईंनी उरलेली दोन यंत्रे स्वतःच्या हाताने मोडीच्या ढिगात सरकवली आणि आपल्या सासूबाईंनी ते तिसरे इतवारीतून कसे आणले होते, ते अर्धा तास सांगितले. चार मुली हातातले काम थांबवून ऐकत होत्या, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे वाया गेले असे मला आजही वाटत नाही.

कपड्यांचे कामही चांगले झाले, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. साड्या उभ्या घडीने ठेवल्यामुळे खालची ओढताना वरची चळत कोसळत नाही, आणि ही घडी आठ महिन्यांनंतरही टिकून आहे. जुन्या साड्या भांडेवालीला देऊन त्या बदल्यात एक पातेले घ्यावे, असे सासूबाईंच्या मनात होते. त्यावर ती मुलगी हसून म्हणाली, "आजी, काल आपण सव्वीस पातेली कमी केली ना!" पातेले आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागदपत्रे उघडली, आणि येथे माझी पहिली गंभीर तक्रार सुरू होते. विजेच्या बिलांचाच एक गठ्ठा असा निघाला की त्यात शहराच्या वीजपुरवठ्याचा इतिहास वाचता यावा: २००५ पूर्वीची राज्य विद्युत मंडळाची बिले, त्यानंतरची महावितरणची, महाल भागातील वीजवितरण एका खासगी फ्रँचायझी कंपनीकडे होते त्या काळातील त्या कंपनीची, आणि २०१९ नंतर पुन्हा महावितरणची. ही बिले रद्दीत गेली ते योग्यच झाले. परंतु त्याच ढिगात एका मुलीने नागपूर सुधार प्रन्यासचे एक पिवळे पडलेले पत्र ठेवले, कारण ते जुने होते, फाटले होते आणि त्यावर कोणतीही रक्कम दिसत नव्हती. मानेवाड्याच्या लेआउटमधील आमचा प्लॉट नियमित झाल्याचे ते पत्र होते. सारे नागपूर ज्याला नुसते 'आरएल' म्हणते, त्या कागदासाठी लोक प्रन्यासच्या कार्यालयात किती खेटे घालतात, हे येथे प्लॉट विकायला काढलेला कोणीही सांगेल. चहा ठेवायला आत गेलेले माझे पती योगायोगाने लवकर बाहेर आले म्हणून ते पत्र रद्दीत जाता जाता वाचले. काम नेटके करणे वेगळे आणि कागद वाचता येणे वेगळे. दुसरी गोष्ट येत नसेल, तर सेवेने कागदपत्रांचे काम हाती घेऊ नये, किंवा घरातील माणूस शेजारी बसल्याशिवाय सूटकेस उघडणार नाही, असा नियम तरी ठेवावा.

'युगवाणी'च्या अंकांचेही थोडक्यात निभावले. विदर्भ साहित्य संघाच्या या मुखपत्राचे जुने अंक आणि कालच्या वर्तमानपत्राची पुरवणी यांचे वजन रद्दीच्या काट्यावर सारखेच भरते, यात त्या मुलींचा काय दोष? अंक मी बाजूला काढून ठेवले.

तिसरा दिवस माळ्याचा. या सेवेच्या छापील यादीत एक नियम आहे की ज्या वस्तूला गेल्या सहा महिन्यांत हात लागलेला नाही, ती बाहेर काढावी. हा नियम ज्यांनी घडवला त्यांच्या गावी ऋतू आणि सण नसावेत. ऑक्टोबर महिन्यात आमच्या दुलयांना आठ महिने हात लागलेला नव्हता, म्हणून त्या नियमानुसार बाद ठरल्या. पुढच्या दोन महिन्यांत नागपूरचा पारा रात्री दहा अंशांच्या खाली जातो, याची नोंद नियमात नव्हती. कुरडयांचा सोऱ्या आणि वाळवणाच्या चादरी मार्चनंतर कोणी पाहिल्या नव्हत्या. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी वर्षातून एक दिवस चालतो आणि उरलेले ३६४ दिवस माळ्यावर उभा राहतो, आणि नंदीकडून कोणाची त्याहून अधिक अपेक्षाही नसते. आमच्याकडच्या घरातील निम्मे सामान हे वर्षाच्या चक्रावर चालते. त्याला अडगळ म्हणण्याआधी पंचांग पाहावे लागते. पर्यवेक्षक मुलीने माझे म्हणणे लगेच मान्य केले आणि यादी बाजूला ठेवली, हे तिच्या समजूतदारपणाचे लक्षण म्हणून नोंदवते.

त्यानंतर तिने माळा महिन्यांप्रमाणे लावून दिला, आणि या संपूर्ण कामातील सर्वांत उपयुक्त भाग माझ्या मते तोच ठरला. शिडीच्या जवळ हिवाळा, मध्ये उन्हाळा आणि पलीकडे भाद्रपदाचे सामान, अशी ती रचना आहे. कूलरचा पंप, पाण्याची नळी, ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायच्या गवताच्या जाळ्या) अडकवण्याच्या तारा आणि स्टँडचे नटबोल्ट हे सारे एका कापडी पिशवीत भरून ती पिशवी तिने कूलरच्या आतच बांधून ठेवली. मार्चच्या अखेरीस कूलर उतरवला, नव्या ताट्या बसवल्या आणि अर्ध्या तासात तो खिडकीला लागला. त्याआधीच्या वर्षी नटबोल्ट शोधण्यात एक पूर्ण रविवार आणि आमचा आपसांतील बराचसा स्नेह खर्ची पडला होता.

मात्र याच माळ्यावर एक चूक अशी घडली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. खोकी भरताना मुलींनी वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे वर्गवारी केली, त्यामुळे महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या, कोठ्या (ज्यांवर मुखवटे बसवतात त्या) भांड्यांच्या खोक्यात, त्यांच्या साड्या कपड्यांच्या खोक्यात आणि मुखवटे प्लास्टिकच्या फुलांसोबत तिसऱ्याच खोक्यात गेले. त्या तिसऱ्या खोक्यावर इंग्रजीत लेबल होते, 'डेकोर', म्हणजे सजावट. सासूबाईंनी नातवाकडून ते वाचून घेतले, अर्थही विचारून घेतला आणि म्हणाल्या, "लक्ष्म्या घरात ठेवून राहिले का दुकानात?" खोकी पुन्हा उघडली गेली. बावीसच्या बावीस लेबले इंग्रजीत होती. ज्या घरात माळ्यावरचे सामान सर्वाधिक ओळखणारी व्यक्ती ७८ वर्षांची आहे आणि मराठीच वाचते, तेथे अशी लेबले लावणे म्हणजे तिला तिच्याच सामानापासून दूर ठेवणे आहे.

पुढे लेबलांचा प्रश्न उन्हाने सोडवला. आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असून माळ्याच्या वर थेट स्लॅब आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात लेबलांचा गोंद पातळ होऊन एकेक लेबल गळू लागले आणि पंधरवड्यात सगळी खाली पडली. पारदर्शक खोक्यांची चळत चार थरांची लावली होती, त्यांत सर्वांत खालच्या तीन खोक्यांची झाकणे उष्णतेने आणि भाराने मध्ये खचली आहेत. शेजारी ठेवलेल्या महालच्या पत्र्याच्या दोन ट्रंका जशाच्या तशा आहेत. नागपुरात स्लॅबखाली प्लास्टिक ठेवायचेच असेल, तर दोन थरांच्या वर रचू नये आणि नाव चिकटवण्याऐवजी पक्क्या शाईच्या मार्करने थेट खोक्यावर लिहावे, एवढे या ६,४०० रुपयांत शिकले.

आणखी एक मुद्दा निरुपयोगी सामानाच्या विल्हेवाटीचा. बोलणी करताना ती "जबाबदारीने" केली जाईल, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरचा कबाडीवाला हातगाडी घेऊन आला आणि जुना टीव्ही, मोबाइल व इन्व्हर्टरची बॅटरी भांड्यांच्या मोडीसोबत गाडीवर चढू लागली. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. शिशाची बॅटरी विक्रेता परत घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही देतो. मी बॅटरी उतरवून घेतली आणि पुढच्या महिन्यात तशीच बदलून आणली. टीव्ही मात्र गेला. तो भांडेवाडीच्या कचरा डेपोतील ढिगात पोहोचला नसावा, अशी आशा आहे.

वागणुकीबद्दल तक्रारीला जागा नाही. मुली वेळेवर येत, दागिन्यांचे कपाट मी स्वतः उघडल्याशिवाय त्याला हात लावत नसत, आणि लोणच्याच्या एका बरणीचा कान उडाला तेव्हा लपवाछपवी न करता त्यांनी ते लगेच येऊन सांगितले. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर स्वयंपाकघर आणि कूलरची पिशवी यांसाठी मी साडेचार देईन, कागदपत्रांसाठी दीड आणि एकूण साडेतीन. ज्यांच्या घरी नुसते सामान जास्त झाले आहे, त्यांना ही सेवा थोडी महाग वाटेल. ज्यांच्याकडे आमच्यासारखी दोन घरे एका घरात शिरली आहेत आणि घरचे कोणीही पहिली वस्तू टाकायला धजत नाही, त्यांच्यासाठी परक्या माणसाने मूठ हाती देऊन "फिरवून दाखवा" म्हणणे पैसे वसूल करणारे आहे.

या पोळ्याच्या आधी आम्ही त्यांना पुन्हा एका दिवसासाठी बोलावले आहे. बंगईवर साठलेले सामान उतरवायचे आहे. कर धरून दर, मराठी नावे आणि सूटकेसला हात न लावणे, या तीन अटी या वेळी लेखी घेतल्या आहेत. महालक्ष्म्यांच्या खोक्यावर मात्र सासूबाईंनी वाट न पाहता नातवाचा मार्कर घेऊन आपल्या अक्षरात आधीच लिहून ठेवले आहे: "महालक्ष्म्या. पाय लागू देऊ नये."