कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचं दोन दिवसांचं वर्कशॉप, पुणे

मागच्या शनिवार-रविवारी केलं आणि अजून अंगातून उतरलेलं नाहीये. नर्तक स्टीव्ह पॅक्स्टनने १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला हा नृत्यप्रकार, ठरलेल्या स्टेप्स नाहीत, काउंट नाहीत, दोघांचा जिथे स्पर्श होतो तिथून वजन द्यायचं-घ्यायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. पहिला अर्धा तास नुसतं डोळे मिटून उभं केलं, याला स्मॉल डान्स म्हणतात, आणि खरंच, आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं पण घोटे सारखे बारीक बारीक हलून तोल सांभाळत असतात, ४० वर्षांत कधी लक्षच गेलं नव्हतं! मग एका ताईंच्या पाठीला पाठ लावली, त्यांचा श्वास माझ्या बरगड्यांना कळत होता, हळूहळू रेलत गेले आणि पाय जमिनीवरून कधी सुटले समजलंच नाही. एरवी मी कोणावर भार टाकणारी नाही हो. नको वाटलं तर बाजूला व्हा, कारण सांगायची गरज नाही, हे सरांनी आधीच सांगितलं ते फार आवडलं. फरशी मात्र कडक, मॅट कमी पडल्या, नीपॅड न्याच.